ना दूध, ना तूप, ना तेल : पंचमीची ऋषीची भाजी बारा माणसांना पुरेल अशी कशी करायची?

न्हावा शेवा (पनवेल) : गणपती आले की घरात माणूस मावत नाही. मुंबई-पुण्याला नोकरीला असलेली पोरं येतात, लेकी-जावई येतात, शेजारपाजारचे दर्शनाला येतात ते जेवूनच जातात. चतुर्थीला उकडीचे मोदक आणि त्यावर तुपाची धार. पुढे गौरी आल्या की काही घरी तिखटाचा नैवेद्य. या दोन्हींच्या मधे येते भाद्रपद शुद्ध पंचमी, म्हणजेच ऋषीपंचमी. त्या दिवशी चुलीवर एकच मोठं पातेलं चढतं. ऋषीची भाजी.

ज्यांच्याकडे दीड दिवसाचा गणपती, त्यांच्याकडे तर पंचमीलाच विसर्जन असतं. दुपारी पंगत, संध्याकाळी मिरवणूक. म्हणजे ही भाजी उपास करणाऱ्या दोघी-तिघींपुरती करून भागत नाही. अख्ख्या घराला आणि पाहुण्यांना पोटभर पुरली पाहिजे.

त्यात अलीकडे एक नवीन गोष्ट आली आहे. घरातलं एखादं शिकलेलं पोर सांगतं, "मी आता व्हिगन आहे." म्हणजे मटण-मासळी तर नाहीच, पण दूध, दही, तूप, मधसुद्धा नाही. घरातल्या मोठ्या माणसांना प्रश्न पडतो, की सणाच्या दिवशी याला वाढायचं काय? नुसता भात? खरं म्हणजे याचं उत्तर पंचमीच्या पातेल्यात पिढ्यान्‌पिढ्या शिजतंच आहे.

नियम बैलाचा

'व्हिगन' हा शब्द १९४४ सालचा. इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि त्याच्या सोबत्यांनी 'व्हेजिटेरियन' या शब्दाची इंग्रजीतली पहिली तीन आणि शेवटची दोन अक्षरं जोडून तो केला. आपल्या देशात अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२२ मध्ये व्हिगन अन्नासाठी वेगळे नियम केले. त्यामुळे काही पाकिटांवर आता हिरवं 'व्ही' अक्षर आणि त्यावर पान असं चिन्ह दिसतं.

ऋषीपंचमीचा नियम मात्र जनावराच्या दुधामांसापाशी थांबत नाही, तो जनावराच्या कष्टापर्यंत जातो. या दिवशी बैलाच्या मेहनतीचं खायचं नाही. नांगरलेल्या शेतातलं धान्य नाही. म्हणून भात नाही, भाकरी नाही, चपाती नाही. जे आपोआप उगवलं किंवा माणसाने स्वतःच्या हाताने कुदळ-खुरप्याने लावलं, तेवढंच चालतं. घाटावर श्रावणी अमावास्येला पोळा होतो, बैलाला सजवून ओवाळतात. त्यानंतर पाचव्या दिवशी ही पंचमी येते. पोळ्याला बैलाचा मान आणि पंचमीला त्याच्या कष्टाला सुट्टी, असं ते जुळून येतं.

जुन्या पद्धतीत या भाजीला फोडणीही नाही. तेलबिया शेतात पिकतात आणि पूर्वी तेलाचा घाणासुद्धा बैलच ओढायचा. हळद, गरम मसाला, कांदा-लसूण काही नाही. मिरची, चिंच, मीठ आणि ओलं खोबरं, झालं. काही घरी वरून लोण्याचा गोळा किंवा तूप घालतात. तेवढं सोडलं की भाजी शंभर टक्के व्हिगन. चवीत काही कमी पडत नाही, कारण स्निग्धपणा खोबऱ्याचा येतो.

हे व्रत सप्तर्षींचं. कश्यप, अत्री, भरद्वाज, विश्वामित्र, गौतम, जमदग्नी, वसिष्ठ आणि सोबत अरुंधती यांची पूजा होते. व्रताची कहाणी मात्र बायकांच्या पाळीच्या विटाळाशी जोडलेली आहे. आजच्या पुष्कळ मुलींना ते पटत नाही, आणि पटवून घेण्याचं कारणही नाही. अनेक घरांत उपास सुटला, पूजा सुटली, पण भाजी काही सुटली नाही.

भाजी येणार कुठून?

न्हावा गाव पनवेल तालुक्यात, शेवा उरण तालुक्यात. दोन्हीकडे मूळ वस्ती आगरी-कोळ्यांची. खाडीला बांध घालून केलेल्या खारजमिनीत पावसाळी भात, बाजूला मिठागरं आणि खाडीत मासळी, असा इथला संसार होता. नांगर चालायचा तो भातशेतीत. घरामागच्या परसात मात्र बैल शिरायचा नाही. तिथे मोरीच्या पाण्यावर अळू, मांडवावर पडवळ आणि शिराळी, कुंपणावर भोपळा आणि कोपऱ्यात केळ. हा सगळा बायकांच्या हातचा कारभार. ऋषीची भाजी यायची ती इथून.

१९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण या भागातली ९५ गावं संपादनाखाली आली. जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन उभं राहिलं. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई परिसरात झालेल्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातूनच साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळाला. २६ मे १९८९ ला बंदर सुरू झालं. त्यासाठी शेवा गाव उठलं. लोक नवीन शेवा आणि हनुमान कोळीवाडा इथे जाऊन राहिले. १२ जानेवारी २०२४ ला शिवडीहून न्हावा शेव्याला येणारा अटल सेतू सुरू झाला.

शेत गेलं त्याची नोंद सातबाऱ्यावर राहिली. परस गेलं त्याची नोंद कुठेच नाही. वाट्याला आलेल्या भूखंडावर घर उभं राहिलं, मग भाड्याच्या खोल्या, मग इमारत. अळवाची जागा पार्किंगने घेतली. आता पंचमीची भाजी पनवेल, उरणच्या बाजारातून येते. गणपतीत आदिवासी वाड्यांवरच्या बायका पाच-दहा प्रकारच्या भाज्यांचे वाटे लावून बसतात. त्यांच्याकडचं अळू, करटोली, रताळी, सुरण बहुतेक हाताने लावलेलं किंवा रानातून आणलेलं असतं. नियमाच्या जवळ जायचं असेल तर पहिली खरेदी त्यांच्याकडे करावी. उरलेलं वाशीच्या मार्केटमधून आलेलं चालवून घ्यायचं.

यावर गमतीने विचारतात, "आता तर सगळीकडे ट्रॅक्टर. बैल राहिलाच कुठे? मग सगळ्याच भाज्या ऋषीच्या!" शब्द धरून बसलं तर खरं आहे. पण बैलाच्या जागी इंजिन आलं म्हणजे नियम पाळला, असं जाणत्या बायका मानत नाहीत. आपल्या हाताने काय पिकवलं, हा त्यातला खरा सवाल आहे.

साहित्य (१० ते १२ माणसांसाठी)

भाजीचं अळू – २ जुड्या, देठांसकट
लाल माठ – १ जुडी, जाड देठ वेगळे काढून
सुरण – ३०० ग्रॅम
लाल भोपळा – अर्धा किलो
कच्ची केळी – ४
रताळी – ३ मध्यम
मक्याची कणसं – ३
शिराळी – २
पडवळ – १ मध्यम
भेंडी – २०० ग्रॅम, कोवळी
काकडी – १
ओल्या भुईमुगाचे दाणे – १ मोठी वाटी
चिंच – दोन लिंबांएवढी, किंवा अंबाडीची एक लहान जुडी
हिरव्या मिरच्या – ८ ते १०
नारळ – १ मोठा
मीठ – चवीप्रमाणे, असेल तर मिठागराचं खडेमीठ

भुईमूग हे शेतातलं पीक म्हणून काही घरी चालत नाही, काही घरी परसातला चालतो. आपापल्या घरची रीत पाहावी. पण उपास नसलेल्यांसाठी दाणे जरूर घालावेत. जेवणाला जो भरीवपणा येतो तो दाणे, मका, सुरण आणि रताळी यांनीच. प्रथिनांचा मोठा वाटाही दाण्यांचाच. भाज्या किती प्रकारच्या असाव्यात याला नियम नाही. जास्त प्रकार, जास्त चव. मात्र वांगी, टोमॅटो घालून ती नेहमीची मिसळभाजी करू नये.

कृती

१. आधी अळू आणि सुरण. हाताला खोबरेल किंवा चिंचेचं पाणी लावून घ्यावं, नाहीतर हात खाजतात. अळवाचे देठ सोलून बोटभर तुकडे करावेत, पानं बारीक चिरावीत. सुरणाची साल जाड काढून मोठ्या फोडी कराव्यात आणि चिंचेच्या पाण्यात १५ मिनिटं ठेवाव्यात.

२. बाकीच्या भाज्या मोठ्या फोडी करून चिराव्यात. कणसाचे दोन-दोन बोटांचे तुकडे. केळ्याची वरची साल काढून जाड चकत्या. भोपळ्याची साल ठेवली तरी चालते, फोड मोडत नाही.

३. जाड बुडाच्या पातेल्यात दोन वाट्या पाणी आणि चिंचेचा निम्मा कोळ उकळायला ठेवावा. उकळी आली की अळवाचे देठ, अळवाची पानं आणि सुरण घालावं. झाकण ठेवून १५ मिनिटं शिजवावं. अळू पूर्ण मऊ झाल्याशिवाय पुढे जाऊ नये.

४. मग मका, दाणे, माठाचे जाड देठ, रताळी आणि केळी. पातेल्यावर ताट ठेवून त्यात पाणी ओतावं. वाफ आतच राहते आणि बुडाला लागत नाही. आणखी १० ते १२ मिनिटं. पाणी कमी वाटलं तर ताटातलं गरम पाणीच घालावं.

५. आता भोपळा, पडवळ, शिराळी आणि काकडी. या भाज्यांना स्वतःचं पाणी सुटतं, त्यामुळे वरून पाणी घालायचं नाही. ८ मिनिटं पुरतात.

६. भेंडी आणि माठाचा पाला शेवटी. भेंडीचे मोठे तुकडे करावेत, आणि चिंचेचा उरलेला कोळ आताच घालावा. आंबटामुळे भेंडीची तार सुटत नाही.

७. निम्मं खोबरं आणि मिरच्या जाडसर वाटून भाजीत घालाव्यात. मीठ आता घालायचं. पालेभाजी शिजून खाली बसते, आधी मीठ घातलं तर हमखास खारट होते. कडेने हलक्या हाताने ढवळून ५ मिनिटं मंद आचेवर ठेवावं.

८. उरलेलं खोबरं खवून वरून पसरावं. ज्या घरी लोणी घालायची सवय आहे, त्यांनी त्याऐवजी थोड्या खोबऱ्याचं घट्ट दूध काढून शेवटी घालावं. तोच गुळगुळीतपणा येतो आणि व्हिगन पाहुण्यालाही चालतं. आच बंद करून १० मिनिटं झाकून ठेवावी, मगच वाढावी.

सगळं धरून शिजायला पाऊण ते एक तास लागतो. निवडायला-चिरायला त्याहून जास्त. त्यामुळे अळू, माठ आदल्या रात्रीच निवडून ठेवावा.

खाज का येते?

अळू आणि सुरणात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक कण असतात. ते घशाला, जिभेला टोचतात, म्हणून खवखव होते. चिंच, कोकम, अंबाडी यांचा आंबटपणा आणि पुरेसं शिजवणं, हे दोन्ही लागतात. एकाने काम होत नाही. पंगतीत कुणी खाकरायला लागलं तर समजावं, अळू कच्चं राहिलं.

आणखी एक. अळू दिसलं म्हणून कुठूनही कापून आणू नये. रस्त्याकडेच्या गटारात, कंपन्यांच्या नाल्यात किंवा कंटेनर रस्त्याच्या कडेला आलेलं अळू भाजीला वापरू नये. रानातलं अळू ओळखीचं नसेल तर माहितगार बाईला दाखवल्याशिवाय पातेल्यात घालू नये.

सोबत काय?

ऋषीपंचमीला भाताऐवजी वरीचे तांदूळ, म्हणजे भगर. पाणथळीत आपोआप उगवणारा देवभात मिळाला तर उत्तमच, पण तो आता दुर्मीळ. बारा माणसांना चार वाट्या भगर पुरते. निवडून, दोन-तीन पाण्यांत धुवून निथळावी, कोरडीच जरा परतावी, मग दहा ते बारा वाट्या उकळतं पाणी आणि मीठ घालून मंद आचेवर झाकून शिजवावी. १५ मिनिटांत फुलते.

भगर घेताना मात्र डोळे उघडे ठेवावेत. पावसाळी दमटपणात तिला बुरशी लागते, आणि भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या अधूनमधून येतच असतात. सुट्या पोत्यातली घेण्यापेक्षा तारीख असलेलं ताजं पाकीट घ्यावं. कुबट वास आला तर टाकून द्यावी. मागच्या वर्षीचं उरलेलं भगरीचं पीठ वापरू नये. शिजवलेली भगर त्याच दिवशी संपवावी.

ज्यांना उपास नाही त्यांच्यासाठी तांदळाची भाकरी करायला हरकत नाही. या भाजीबरोबर ती छान लागते.

हमखास होणाऱ्या चुका

सगळ्या भाज्या एकदम टाकणं ही पहिली. मग भोपळ्याचा लगदा होतो आणि सुरण कच्चं राहतं. दुसरी, कुकर. तीन शिट्ट्यांत काम उरकतं, पण प्रत्येक फोडीची वेगळी चव जाते, नुसती कढण होते. तिसरी, जास्त पाणी. ही रस्सा भाजी नाही, अंगाबरोबर रस हवा. चौथी, भाजी उरवणं. ओलं खोबरं घातलेली भाजी भाद्रपदातल्या उकाड्यात संध्याकाळपर्यंत आंबते. विसर्जनाहून आल्यावर रात्री पुन्हा खायची असेल तर खोबरं घालण्याआधीच निम्मी भाजी वेगळी काढून, निववून फ्रिजमध्ये ठेवावी. रात्री खणखणीत उकळून मग खोबरं घालावं.

पुढच्या पंचमीसाठी

पंचमी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यापासून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत कधीही येते. अधिक मास आला की पुढे जाते. त्या हिशेबाने लागवड करायची. मका, भोपळा, पडवळ, शिराळी आणि काकडी पहिल्या पावसाला, जूनमध्ये टाकावी. यांना साधारण दोन महिने लागतात, भोपळ्याला आणखी थोडे. भेंडी ४५ ते ५० दिवसांत येते, ती जुलैच्या सुरुवातीला. माठ महिनाभर आधी टाकला तरी पुरतो. अळवाचा कांदा एकदा लावला की वर्षानुवर्षं तो स्वतःच पसरतो, त्याला फक्त ओल हवी. सुरणाला आठ-नऊ महिने लागतात, तो बाजारातूनच आणावा.

जमीन नाही ही अडचण खरी. पण या भाजीला जमीन लागते किती? सिमेंटच्या आठ-दहा रिकाम्या गोण्या, दोन जुने ड्रम, माती आणि कुजलेलं शेणखत किंवा पालापाचोळ्याचं खत. गोणीत भेंडी, माठ, अळू होतं. ड्रममध्ये पडवळ, शिराळी लावून दोरीने गच्चीच्या कठड्यावर चढवता येते. गोणीला खाली भोकं पाडावीत, नाहीतर जुलैच्या पावसात मुळं कुजतात. पडवळ, शिराळी, भोपळा यांचं एकेक फळ वेलावर पूर्ण पिकू द्यावं आणि त्याचं बी राखेत घोळवून बाटलीत ठेवावं. पूर्वी घरोघर हेच व्हायचं. वर्षातून एक दिवस परसातलंच खायचं म्हटल्यावर बी राखावंच लागायचं.

न्हावा शेव्याला नांगराची शेती परत येणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण या भाजीला नांगराचं काहीच चालत नाही. तिला लागते गोणीभर माती आणि हात लावणारं माणूस. यंदा बाजारातून वाटे आणले तरी हरकत नाही. फक्त अळवाचे दोन कांदे मातीत पुरून ठेवावेत. पुढच्या पंचमीला पातेल्यात निदान एक भाजी घरची असेल.